दारफाळणी सांगायला येणारे काका

आमच्या काकांना कुत्र्यांची भीती वाटायची, म्हणून ते कुत्र्यांना अहो-जाहो करायचे. आमच्या वसाहतीत शिरताना फाटकापासूनच त्यांचा आवाज यायचा. "बसा, बसा. उठू नका. मी कुणाचा काही नाही, चाललो आपला." कोटाच्या एका खिशात भाकरीचे तुकडे ठेवलेले असत, तेही कुत्र्यांसाठीच. कुत्री त्यांच्यावर कधी भुंकल्याचं मला आठवत नाही, पण म्हणून त्यांची भीती काही कमी झाली नाही.

कुत्र्यांचं एक झालं. त्यांना पुलाची भीती, विजेची भीती, विहिरीच्या काठाची भीती, पोलिसांची तर विचारूच नका. झाडाखाली बसायचे नाहीत, फांदी पडेल म्हणून. तुळईखाली झोपायचे नाहीत. पाणी दिलं तर आधी वास घ्यायचे. मला पहिल्या पहिल्यांदा याचा राग यायचा. मी म्हणायची, "काका, एवढं भ्यायचं तर नगरात आपल्या खोलीत बसावं की. गावोगाव कशाला हिंडता?"

त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "भीती पोटात असते, बाई. पाय मोकळे असतात."

काका माझे नात्याने कुणी नव्हते. रेल्वेच्या टपाल खात्यातून पेन्शनीत निघालेले, बायको मागेच वारलेली, मूलबाळ नाही. आम्ही इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, शनिवारी घाणा न जुंपणारे शनवार तेली. नोकरीच्या पाठीमागे देशावर आलो आणि एकेक घर करून विखुरलो. नगर जिल्ह्यात आमची घरं अशी होती की एकाचा दिवा दुसऱ्याला कधी दिसायचा नाही. श्रीगोंद्याकडे एका हवालदाराची विधवा, पाथर्डीला गुरांच्या दवाखान्यात एक कंपौंडर, एका आडस्टेशनावर सिग्नलवाला आणि त्याची मुलगी. आणि गोदावरीच्या काठाला, पाटबंधारे खात्याच्या चार दगडी घरांच्या वसाहतीत आम्ही. माझे यजमान कालव्यावर ओव्हरसियर होते. चारातली तीन घरं रिकामीच असायची.

गावकऱ्यांना आमचा काही पत्ता लागायचा नाही. नगरकडे ख्रिस्ती पुष्कळ, म्हणून आधी वाटायचं की आम्ही किरिस्ताव. मग शनिवारी आमची चूल पेटत नाही हे पाहून काहीतरी तिसरंच वाटायचं. शेवटी आम्हाला दूध घालणाऱ्या बाईने सोक्षमोक्ष लावून टाकला. "त्यांचा द्येव येगळा हाय, पर मानसं बरी हायती," असं तिने गावात सांगितलं आणि तेवढ्यावर भागलं.

या सगळ्या घरांना काका धरून होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. सणाच्या आधी घरोघर जाऊन ते तारीख सांगायचे. मुंबईत आमची मशीद आहे, आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो, माणसं आहेत, तिथे सण चुकायचा प्रश्नच नाही. आडगावातल्या एकट्या घराने काय करावं? मुलांना ते चार प्रार्थना शिकवायचे, आमच्या रीतीने कोंबडी कापून द्यायचे. कापण्याआधी सुरीची धार नखावर तपासताना कोंबडीपेक्षा त्यांनाच जास्त कापरं भरायचं. विधवेच्या घरी आत जायचे नाहीत, ओट्यावर बसून दाराआडच्या तिच्याशी तासभर बोलायचे. आणि एका घरची बातमी दुसऱ्या घरी न्यायचे. "पाथर्डीला मुलगी झाली, बरं का. नाक आईवर गेलंय." पाथर्डीची बाई मी जन्मात पाहिली नाही, पण तिच्या मुलीचं नाक मला माहीत होतं.

सिग्नलवाल्याच्या मुलीने त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, आपल्यातले आपण आणि तुम्ही एवढेच का हो?" ते ऐकून काका इतके घाबरले की त्या वर्षीपासून त्यांनी नवी टूम काढली. प्रत्येक घरातून मूठभर पोहे मागून न्यायचे, नगरला सगळे एकत्र करून आमचा प्रेषित एलियाहू हनाबी याच्या नावाने मलिदा करायचा आणि तोच प्रसाद पुन्हा घरोघर पोचवायचा. आमच्यापर्यंत येईतो खोबऱ्याला वास लागलेला असायचा. तरी आम्ही खायचो. त्यात पाथर्डीचेही पोहे होते ना.

आता आमची दारफाळणी सांगायला हवी. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. आदल्या संध्याकाळी आंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, घराचं दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. पुढच्या वर्षी कोण जगणार, कोण जाणार, ते त्या दिवशी देवाघरी ठरतं. मुंबईच्या लोकांनी दार लावणं केव्हाच सोडलं, ते मशिदीत जातात. पण माझ्या सासूबाई रेवदंड्याकडच्या, जुन्या वळणाच्या. त्यांच्या घरात दारफाळणी म्हणजे दार लागलंच पाहिजे.

आमचे महिने चंद्राचे, हिंदूंचेही चंद्राचेच. म्हणून बहुतेक वर्षी दारफाळणी दसऱ्याला धरून येते. पण अधिक महिना त्यांचा आणि आमचा एकाच वेळी पडत नाही. त्यांच्या अधिकाच्या साली दसरा महिनाभर पुढे जातो आणि आमचा सण तिथेच राहतो, गणपतीच्या दिवसांत. हे ज्याला माहीत नाही तो एकटा माणूस हमखास फसतो.

आम्ही फसलो. लढाई सुरू झाली त्या साली आम्ही या वसाहतीत नव्याने आलो होतो. अधिक श्रावण होता. काका पुणतांब्याला उतरले, नदीपर्यंत आले. तिथून नदी ओलांडली की आमची वसाहत. कोपरगावाकडून लांबचा गाडीरस्ता होता, पण काळी जमीन, पावसाळ्यात बैलाचे पाय रुतायचे. नदीला पूर होता आणि पलीकडे जायला गुळाची काहील. होय, गूळ करायची मोठी कढई. पुरात आमच्याकडे तीच होडी. काकांनी काहील पाहिली, पाणी पाहिलं आणि परत फिरले. नव्या घराला तारीख कुठून तरी कळेलच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

ती कळली नाही. सासूबाईंनी दसऱ्याला दार लावलं. महिना उलटून गेल्यावर लावलेलं दार देवाच्या काय उपयोगाचं? मुंबईहून नणंदेचं पत्र आलं तेव्हा आम्हाला चूक कळली. त्या हिवाळ्यात माझं पहिलं मूल खोकल्याने गेलं. पाच महिन्यांचं होतं.

मी शिकलेली बाई. खोकल्याने मूल जातं, तारखेने जात नाही, हे मला समजत होतं. पण समजणं वेगळं. सासूबाईंनी मात्र आडपडदा ठेवला नाही. त्या दिवसापासून त्या काकांशी सरळ बोलेनाशा झाल्या. काका समोर बसलेले असले तरी मला सांगायच्या, "त्यांना विचार, चहा घेणार का?" आणि काका मला सांगायचे, "आजींना म्हणावं, असला तर अर्धा कप." पुढची दोन वर्षं ते नदी चढायच्या आधीच येऊन जायचे. आल्यावर आधी गावच्या चावडीवर जाऊन पाटलांना सांगायचे की अमुक दिवशी ओव्हरसियरसाहेबांचं दार बंद राहील, कुणी काळजी करू नये. मग आमच्याकडे.

तिसरं वर्ष 'चले जाव'चं. माझा दुसरा मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता. पुन्हा अधिक महिना, ज्येष्ठाचा. या वेळी आम्हाला माहीत होतं की दसऱ्याची वाट पाहायची नाही, पण नेमका दिवस कोण सांगणार? टपालाचा भरवसा नव्हता. तारा तोडल्या जात होत्या, गाड्या कुठेही थांबत होत्या. शेजारच्या तालुक्यात जमावाने सरकारी बंगला जाळला अशी बातमी होती आणि आम्ही राहत होतो तोही सरकारी बंगलाच. सासूबाई रोज संध्याकाळी ओट्यावर उभ्या राहून चंद्राकडे बघायच्या, पण आभाळ भरलेलं. मी बाळाला छातीशी धरून एवढंच म्हणायची की या खेपेला चुकू नये.

त्या संध्याकाळी ऊन कलल्यावर काका फाटकात आले. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, दात वाजत होते. त्यांच्या मागे काहीलवाला होता. तो म्हणाला, "धार लई जोरात हुती. काहील गरागरा फिराया लागली. ह्ये बाबा डोळं झाकून काय मंतर म्हनत हुतं. म्या म्हनलं, ह्ये आता हितंच जातंय."

काकांनी कुत्र्यांना काही म्हटलं नाही, आम्हालाही रामराम केला नाही. "आज. आत्ता. आंघोळी करा," एवढंच म्हणाले. गाडी दोन दिवस बेलापूरला अडकून पडली होती. चावडीवर जायला वेळच उरला नव्हता. सूर्य टेकला आणि आम्ही दार लावून आडणा घातला. मला आठवतं, मला त्या वेळी फार हलकं वाटलं. दिवस सापडला होता. आता फक्त दार बंद राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली. कडी वाजवली, हाका मारल्या. आम्ही पांढऱ्या कपड्यांत आत बसलेलो, कुणी हूं की चूं केलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला आमचं दार लागतं हे तिला ठाऊक होतं, पण गणपतीत कसं लागेल? तिने खिडकीच्या फटीला डोळा लावला, चुलीला धूर नाही हे पाहिलं आणि गेली. वरच्या वस्तीवर त्या आठवड्यात पटकीने दोन माणसं दगावली होती. तिच्या मनात काय आलं असेल ते आज मला स्वच्छ दिसतं. तेव्हा आम्हाला वाटलं, गेली बिचारी.

दुपार टळायला आली तेव्हा आवाज ऐकू आले. आधी पावलं, पुष्कळ पावलं. मग कुजबुज. मग कुणीतरी म्हणालं, "आत कोनी हाललं बी न्हाई सकाळधरनं." दुसरा म्हणाला, "कुऱ्हाड आन."

यजमानांनी कोपऱ्यातली काठी उचलली. आमच्या डोळ्यांपुढे जळलेला बंगला. काका भिंतीला टेकून बसले होते, त्यांचे ओठ हलत होते आणि घाम हनुवटीवरून गळत होता. लढाईच्या सुरुवातीला नगरच्या किल्ल्याजवळ तारेच्या कुंपणात सरकारने जर्मनीतले लोक शत्रू म्हणून कोंडले होते, त्यांत काही आपलेच, यहुदी निघाले. काका भीत भीत तिथे जाऊन त्यांना आमच्या रीतीची कोंबडी शिजवून देऊन यायचे. त्यांतल्या एकाने त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे, जर्मनीत, आपल्या लोकांचं सगळं दारावरच्या थापेपासून सुरू झालं. काकांनी ते मला सांगितलं होतं आणि सांगून झाल्यावर उगाच उठून आमच्या दाराची कडी तपासली होती.

आता त्याच दारावर कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला. बाळ दचकलं. मी त्याला पदराखाली घेतलं.

काका उठले. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्यांना सांग, दार उघडायचं नाही. माझा एक नातू गेलाय." मी तेच काकांना सांगितलं. खरं म्हणजे सासूबाईंनी सांगितलं नसतं तरी मी तेच म्हणाले असते. मला जमावाची भीती वाटत होती, पण दार उघडण्याची त्याहून जास्त वाटत होती.

दुसरा घाव बसला. फळीत उभी चीर गेली.

"तुम्ही सगळे आतल्या खोलीत जा," काका म्हणाले. आवाज इतका थरथरत होता की शब्द नीट लागत नव्हते. "आत जा आणि त्या खोलीचं दार लावा. आडणा घाला. आजच्या दिवसापुरतं तुमचं घर ती खोली. तुमचं दार ते. हे माझं. मी उघडतो. तुमच्यातल्या कुणी याच्या कडीला हात लावायचा नाही, बघायचंसुद्धा नाही."

यजमान म्हणाले, "काका, तुम्ही एकटे?"

"जा म्हणतो ना." त्यांनी आम्हाला अक्षरशः ढकललं. उपासाचं अंग, पण जोर कुठून आला कुणास ठाऊक. आम्ही आत गेलो, दार लावलं, आडणा घातला. मग बाहेरच्या दाराचा आडणा निघाल्याचा आवाज आला.

पुढचं मी फक्त कानांनी पाहिलं. आधी ओट्यावर पावलं खरडली. पांढऱ्या कपड्यांतला, घामाने डबडबलेला म्हातारा दारात पाहून माणसं मागे सरली असणार. मग दूधवालीचा आवाज. "बाई कुठं हाय?"

"आहे. सगळे आहेत. जिवंत आहेत."

"मंग ओ का देईनात? म्या सकाळधरनं जिवाला घोर लावून बसलीया. पटकीनं समदं घर बसलं म्हनून ही मानसं आनली."

जाळायला आलेली माणसं नव्हती ती. आम्हाला बाहेर काढायला आलेली होती. आतल्या खोलीत यजमानांनी काठी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पाटलांचा आवाज आला. "बाबा, दर साली तुमी चावडीवर सांगून जाता. औंदा न्हाई सांगितलं ते?"

"नदीने वेळ दिला नाही, पाटील. आज आमचा देवापुढे बसायचा दिवस. कुणी बोलायचं नाही, दार उघडायचं नाही."

"आन् तुमी उघाडलं की," कुणीतरी म्हणालं.

"मी उघडलं," काका म्हणाले. "मी एकट्याने."

दूधवालीचं समाधान झालं नव्हतं. "ह्ये बाबा खरं बोलत्यात कशावरनं? मला लेकरू दावा. लेकरू बघितल्याबिगर मी हितनं हलायची न्हाई."

काकांनी आतल्या दाराला हात लावला नाही, आम्हाला हाकही मारली नाही. दार उघडलं तर दिवस मोडत होता आणि न उघडलं तर ती बाई हलत नव्हती, कुऱ्हाड तर अजून तिथेच होती. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. बाळ पदराखाली पीत पीत नुकतंच झोपलं होतं. मी त्याच्या मांडीला जोराचा चिमटा घेतला.

असं रडलं म्हणता, नदीपलीकडे ऐकू गेलं असेल.

"हां," दूधवाली बाहेर म्हणाली. "त्योच हाय. त्याचाच गळा." आणि ती तिथेच ओट्यावर बसून रडायला लागली. पाटील म्हणाले, "चला रं समदी. आन् आज वाजंत्री इकडनं नेऊ नका, मागल्या वाटंनं न्या." पावलं लांब गेली. बाहेरचं दार पुन्हा लागलं.

संध्याकाळपर्यंत काका आमच्यात आले नाहीत. बाहेरच्या खोलीत एकटेच होते. हिब्रू प्रार्थना सगळ्यांच्याच पाठ होत्या, अर्थ त्यांनाही थोडाच कळायचा. म्हणून की काय, मधूनच ते मराठीत बोलायचे. मला ऐकू आलं, "यांनी दार लावलेलंच आहे. माझं उघडलं. मागच्या खेपेला मी आलो नाही, तेही माझंच. पोराकडे जाऊ नकोस. माझ्याकडे ये." देवाला ते अरे-तुरे करत होते. कुत्र्यांनासुद्धा ज्यांनी कधी केलं नव्हतं.

चांदण्या दिसल्या. आम्ही आतलं दार उघडलं. काका चिरलेल्या दारापाशी उकिडवे बसले होते. यजमानांनी त्यांच्यापुढे सरबताचा पेला ठेवला, त्यांनी घेतला नाही. मी बाळाला घेऊन पुढे गेले तर चटकन मागे सरकले. "नको, बाई. आज मला त्याच्यापासून लांब राहू दे. पुढचा हिवाळा जाऊ दे." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. त्यांच्याइतकं भ्यालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला त्यांची फार दया आली. खोटं कशाला बोलू, मलाही पुढच्या हिवाळ्याची भीती वाटतच होती.

सासूबाई पुढे आल्या. माझ्या हातातून त्यांनी नातवाला काढून घेतलं आणि काकांच्या समोर जमिनीवर बसल्या. तीन वर्षं त्या त्यांच्याशी सरळ एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"हात पुढे कर," त्या म्हणाल्या.

"आजी, मला भीती वाटते."

"मला वाटत नाही होय? भीत भीत धर. पण धर."

काकांनी धरलं. बाळाने थोड्याच वेळात त्यांचं पांढरं धोतर ओलं केलं आणि तिथेच मांडीवर झोपी गेलं. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेला तो माणूस पेल्याकडे हातही न नेता, मूल जागं होईपर्यंत तसाच बसून राहिला.